चौथा अर्ज

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, केबिनमध्ये बोलावून एक पत्र हातात ठेवलं आणि म्हणाले, वाचून घ्या, विशेष काही नाही. पत्र परवाना मंडळाचं होतं. ज्या टेक्नॉलॉजिस्टना जुन्या काळी परीक्षा न घेता, नुसत्या अनुभवावर परवाना दिला गेला, त्यांनी येत्या मार्चमधली अंतिम परीक्षा पास व्हायची. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक, सगळं. नाही झाले तर एक मेपासून किरणोत्सारी औषधाला हात लावायचा नाही. अशांची सोय रेकॉर्ड रूममध्ये करावी.

आमच्या विभागात असं माणूस एकच आहे, आणि ते सध्या ही डायरी लिहितंय.

चोवीस वर्षं मी पेशंटना तेच तेच सांगत आले. घाबरू नका, थोडंसं औषध टोचणार, ते अंगात कुठे कुठे जाऊन बसतं त्याचा हा कॅमेरा फोटो काढणार, आणि उद्यापर्यंत ते आपोआप विझून जाणार. मी मुळात एक्स-रेच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायला लागले होते. तिथून मला इकडे आणलं, आणि मी बघून बघून शिकले. कोणालाच शीर सापडत नाही तो पेशंट आजही माझ्याकडे पाठवतात. पण परीक्षा? मी शेवटची परीक्षा दिली तेव्हा मला दोन वेण्या होत्या.

कहर म्हणजे त्याच परीक्षेला माझी तीन मुलं बसतायत. माझी म्हणजे आमच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाची. त्यांची तयारी मीच करून घेते. मोठे डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काय, हातचा मळ. मी हसले. पत्राची घडी करून पर्सच्या तळाशी ठेवली.

ठरवलंय, कोणाला सांगायचं नाही. मुलांना तर नाहीच. ह्यांनाही नाही. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. परीक्षा हा शब्द ऐकला की ह्यांना चेव येतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुलांचे परीक्षेचे अर्ज भरून घेतले. तिघांना मी मनातल्या मनात नावं ठेवली आहेत. घाई ही मुलगी हुशार आहे, पण सुई टोचायच्या आधीच कापूस दाबून मोकळी होते. शंकासुर प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारतो. परवा त्याला म्हटलं, आज बरा दिसतोस, तर म्हणाला, कशाच्या तुलनेत? आणि तिसरा मौनी. दोन वर्षांत त्याचा आवाज मी सतरा वेळा ऐकला असेल. त्यातल्या बारा वेळा 'हजर'.

आज थोडक्यात वाचले. माझा स्वतःचा अर्ज मी दुपारी विभागाच्या कॉम्प्युटरवर अर्धा भरला होता. फोटो आडवाच चढत होता म्हणून वैतागून तसाच सोडला आणि विसरले. घाई तिचा अर्ज भरायला बसली आणि पडद्यावर मी, आडवी. मी धावत गेले, पण त्याआधीच तिने ते पान बंद केलं. तिच्या घाईचा पहिल्यांदाच उपयोग झाला. एवढ्या वेगात ती काही वाचत नाही.

जाताना ती म्हणाली, मॅडम, फोटो आडवा चढत असेल तर आधी फोनमध्ये फिरवून घ्यायचा असतो. मी आपलं सहज सांगते, म्हणजे आमच्या अर्जांसाठी. घरी येऊन फिरवून बघितला. चढला. योगायोग म्हणायचा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक घरी कसं वाचायचं हा प्रश्न होता. त्याला विणकामाच्या एका जुन्या पुस्तकाचं कव्हर चढवलं. वर गुलाबी स्वेटर घातलेलं बाळ, आत गॅमा किरण.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, विणकामाच्या पुस्तकात वर्गमूळ कशाला लागतं? मी म्हटलं, टाके मोजायला. ह्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. आमच्या ह्यांना काही सांगितलं की पटतं, हा एक मोठा गुण आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे सहा गुंडे लोकर आणि दोन सुया घेऊन आले. आता विणावंही लागणार.

वर्गात आज गंमत झाली. टेक्नेशियम हे आमचं रोजचं औषध. दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. मी फळ्यावर गणित घातलं: सकाळी आठ वाजता ऐंशी, दुपारी दोन वाजता चाळीस, तर अकरा वाजता किती? मी स्वतःच उत्तर लिहिलं, साठ. मधला वेळ, मधला आकडा. चोवीस वर्षं आम्ही भिंतीवरच्या तक्त्यात बघतो, गणित करायची वेळच कधी येत नाही.

मौनी उठला. आपण होऊन! म्हणाला, "मॅडम, माझं साठ येत नाहीये. साडेछप्पन्न येतंय. माझं कुठे चुकतं ते सांगाल का?"

पोराला बोलायला लागलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि त्याची चूक शोधायला लागले. तो एक एक पायरी लिहायचा आणि विचारायचा, इथे चुकलं का? मी म्हणायचे, नाही, इथे बरोबर आहे. असं करत करत अर्धा तास गेला आणि आम्ही साडेछप्पन्नावरच येऊन पोचलो. सुरुवातीला जोरात उतरतं आणि मग सावकाश, म्हणून मधल्या वेळेला मधला आकडा येत नाही. शेवटी त्याची चूक काही सापडली नाही. मी त्याला शाबासकी दिली आणि सांगितलं, बघ, स्वतःवर विश्वास ठेवायला शीक.

घाई आणि शंकासुर वहीत तोंड घालून बसली होती. खांदे हलत होते दोघांचे. सर्दीची साथ आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाजारातून येताना ह्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलवरून आले, तर आतल्या बाकावर माझे तिघेही बसलेले आणि हे समोर उभं राहून हातवारे करून काही समजावतायत. मला बघून सगळे गप्प. घरी आल्यावर विचारलं, तर हे म्हणाले, गाडी शिकायची आहे म्हणे मुलांना. परीक्षा महिन्यावर आलेली आणि गाडी शिकतायत! मी म्हटलं, काय शिकवलंत? तर म्हणाले, "दुसऱ्या ब्रेकबद्दल सांगितलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो, पण तो होता होईतो दाबायचा नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे की गाडी तोच चालवतोय. आणि मोठ्या वयाचं कोणी शिकत असेल तर जास्तच."

मी म्हटलं, ह्यात मुलांचा काय संबंध, त्यांचं कुठे वय झालंय? हे म्हणाले, माहिती असलेली बरी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नोकरीच्या मुलाखतीची तयारी सुरू केली. नुसतं पास होऊन काय उपयोग, नोकरी मिळायला हवी. आमच्याच विभागात एक जागा निघाली आहे आणि तिघंही अर्ज करणार आहेत.

बायोडेटा तपासले आणि कपाळाला हात लावला. मौनीचा तीन ओळींचा. त्यातली एक ओळ पत्ता. घाईच्या बायोडेटात शेवटचं पानच नाही, प्रिंटरमधून बाहेर यायच्या आधीच ही निघून आली. शंकासुराने 'अपेक्षित पद' या रकान्यापुढे लिहिलंय, 'किती आहेत?'

मी मुलाखत घेणारी झाले. घाईला विचारलं, तुमच्याबद्दल सांगा, तर चार सेकंदांत तिने जन्मापासून आजपर्यंतचं आटोपलं. शंकासुराने उलट मलाच विचारलं, तुम्ही इथे किती वर्षं आहात, मशीन किती जुनं आहे, शेवटची तपासणी कधी झाली? मी उत्तरं देत बसले. दहा मिनिटांनी लक्षात आलं की माझीच मुलाखत झाली. मौनीला विचारलं, तुम्हाला हे काम का आवडतं? तो विचार करायला लागला. मी मधल्या वेळात दोन पेशंटना इंजेक्शन देऊन आले. आले तेव्हा तो म्हणत होता, "शांतता असते."

मी त्यांना सांगितलं, काही सुचलं नाही तर एखाद्या पेशंटची गोष्ट सांगा. खरी सांगा. ती कोणी खोडू शकत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रात्यक्षिकात 'घाबरलेल्या पेशंटला समजावणे' असा एक भाग असतो. खोटा पेशंट हवा होता, म्हणून नणंदबाईंना नेलं. त्यांना घाबरायचं नाटक करावं लागत नाही, हा मोठा फायदा. कॅमेऱ्याच्या टेबलावर झोपल्या आणि पहिलाच प्रश्न, "मी अंधारात चमकेन का?"

घाई म्हणाली, नाही. पुढे काहीच नाही. शंकासुर म्हणाला, तुम्हाला असं का वाटतं? त्यावर नणंदबाईंनी लहानपणापासून सुरुवात केली. मग मी दाखवलं. खुर्ची ओढून त्यांच्या डोक्याशी बसले, डोळ्यांच्या पातळीवर, आणि आधी त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. गुडघ्याचं सांगता सांगता त्या अशा निवांत झाल्या की घोरायलाच लागल्या. मुलं वहीत काहीतरी लिहीत होती. ह्यात लिहिण्यासारखं काय होतं कोण जाणे.

नंतर औषध सांडल्याचा सराव. रंगीत पाणी सांडलं. पहिल्यांदा मोठ्याने सांगायचं, कोणी हलू नका. मग टिपकागद टाकायचा, मग किरणं मोजायचं मीटर फिरवून कोणाच्या अंगावर उडालंय का ते बघायचं. रंगीतच पाणी ते, मीटर वाजायचं काही कारण नव्हतं. पण मौनी मीटर घेऊन नणंदबाईंपाशी गेला आणि मीटर टकटक करायला लागलं. दूर नेलं, तरी टकटक. बाईंनी किंकाळी फोडली. मुलं पांढरीफटक.

मी मीटर हातात घेतलं. त्याच्या कडेला एक बटणाएवढी, किंचित किरणोत्सारी चकती असते, मीटर चालू आहे की नाही ते तपासायला. ती निसटून बरोबर नळीसमोर येऊन चिकटली होती. मीटर स्वतःलाच मोजत होतं. चकती बाजूला केली, आवाज बंद. घाई म्हणाली, मॅडम, हे पुस्तकात कुठेच नाही. मी म्हटलं, पुस्तकात सगळं थोडंच असतं. म्हणताना फार बरं वाटलं.

नणंदबाईंनी घरी जाऊन तीनदा अंघोळ केली आणि फोन करून विचारलं, साबण कोणता चालेल.

६ मार्च, गुरुवार

काही लक्षात राहत नाही. रात्री वाचलेलं सकाळी पुसून गेलेलं असतं. आज स्वयंपाकात भाजीचं मीठही आमटीतच घातलं. रेकॉर्ड रूम बघून आले. खिडकी नाही. तिथल्या बाई कपाटांशी बोलतात. मला म्हणाल्या, या केव्हाही, जागा आहे.

त्यातल्या त्यात एक गोष्ट बरी. शंकासुर आपल्या नोट्स रोज माझ्या ड्रॉवरमध्ये विसरून जातो. कालच्या नोट्स 'मोजणीतली चूक' यावर होत्या. दहा हजार ठोके मोजले तर त्याचं वर्गमूळ शंभर, म्हणजे शंभरात एक इतकी चूक. इतक्या सोप्या भाषेत लिहितो की पुस्तकापेक्षा बरं. फक्त अक्षर भलतंच मोठं काढतो, एका पानावर आठ ओळी. कागद किती वाया. त्याला बोलायला हवं, पण परीक्षा झाल्यावर बोलेन.

१२ मार्च, बुधवार

हाडांच्या स्कॅनला एक आजोबा आले होते. कॅमेऱ्यावर मांडीपाशी लख्ख मोठा डाग उठला. घाईचा चेहरा पडला, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, मॅडम, फार वाईट दिसतंय, डॉक्टरांना लगेच बोलावू? मी आजोबांना म्हटलं, खिशात काय आहे? रुमाल होता. बाथरूममधून येताना त्याला ओले हात पुसले होते, आणि औषध लघवीवाटे बाहेर पडतं. रुमाल काढला, हात धुवायला लावले, पुन्हा स्कॅन केला. डाग गेला.

आजोबांना आम्ही काही बोललो नाही. घाई मात्र नंतर स्टोअरमध्ये जाऊन रडली. म्हणाली, मी घाईघाईने सांगून टाकलं असतं तर? मी तिच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर आठवडाभरात आज पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी येतं.

१९ मार्च, बुधवार. लेखी परीक्षा

मुलांनी ओळखू नये म्हणून डोक्याला स्कार्फ बांधला आणि नणंदबाईंचा मोठा काळपट चष्मा लावला. निघताना ह्यांनी दारात विचारलं, विणकामाच्या क्लासला का? मी म्हटलं, हो. म्हणाले, "घाई करू नकोस. सोपे टाके आधी घाल, अवघड शेवटी."

हॉलमध्ये माझा नंबर खिडकीशी आणि नेमके तिघं माझ्या आजूबाजूला, एक पुढे, एक मागे, एक डावीकडे. पण कोणी ओळखलं नाही. माझं पेन पडलं तर घाईने उचलून दिलं, मान वरसुद्धा केली नाही, म्हणाली, हे घ्या काकू. काकू! दोन वर्षं शिकवलेली मुलगी! स्कार्फने काम चोख केलं.

चष्म्याने मात्र घात केला. पेपर हातात आला आणि एकही अक्षर दिसेना. नणंदबाईंचा नंबर दुप्पट आहे. दहा मिनिटं मी नुसती पेपरकडे बघत होते. शेवटी तो काढून माझा चष्मा लावला, म्हटलं, ओळखलं तर ओळखलं. तिघांपैकी एकानेही इकडे पाहिलं नाही. इतका वेळ तीन माणसांनी एका दिशेला न बघणं, ह्याला एकाग्रता म्हणतात.

तिसरा प्रश्न: सकाळी नऊ वाजता अमुक, तर साडेदहाला किती? मला मौनीचा आवाज ऐकू यायला लागला. इथे चुकलं का? नाही, इथे बरोबर आहे. लिहीत गेले.

२१ मार्च, शुक्रवार. तोंडी आणि प्रात्यक्षिक

आत गेले तर दोन परीक्षक. एक अनोळखी, करड्या चेहऱ्याच्या बाई. दुसरा बारा वर्षांपूर्वीचा माझाच विद्यार्थी, रडका! पहिलं इंजेक्शन दिल्यावर पेशंटऐवजी हाच रडला होता. आता चांगला दोन हनुवट्यांचा झालाय. मला बघून ताडकन उभा राहिला. करड्या बाईंनी विचारलं, काय झालं? म्हणाला, पायाला मुंग्या आल्या. मग त्याने रीतसर सांगितलं की ह्या माझ्या शिक्षिका आहेत, ह्यांना मी प्रश्न विचारणार नाही, मार्कही देणार नाही. आणि हाताची घडी घालून भिंतीकडे बघत बसला.

बाईंनी मला सोलून काढलं. मोजणीतल्या चुकीवर विचारलं. मी दहा हजारांचं शंभर सांगितलं, मोठ्या अक्षरात डोळ्यांसमोर होतं. औषध सांडलं तर पहिल्यांदा काय कराल? मी म्हटलं, मोठ्याने सांगेन की कोणी हलू नका. बाई म्हणाल्या, हे पुस्तकात तिसऱ्या क्रमांकावर आहे. मी म्हटलं, तोवर माणसं दोन खोल्यांत पाय उमटवून येतात. बाईंनी काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, कळलं नाही.

मग सिरिंजमध्ये डोस भरायला सांगितलं. इथे हात आपोआप चालायला लागले, आणि सवयीने तोंडही. बाई जवळून बघायला पुढे वाकल्या तशी मी म्हटलं, "बाई, मागे व्हा. शिशाच्या काचेच्या पलीकडून बघा. कितीदा सांगायचं?"

रडक्याला खोकल्याची उबळ आली, तो बाहेर निघून गेला. बाई मागे झाल्या.

घरी आल्यावर रेकॉर्ड रूमसाठी एक छोटं रोप आणावं असं मनात आलं. पण तिथे उजेड नाही, जगणार नाही.

१० एप्रिल, गुरुवार

निकाल. पास!

मौनीला एक्क्याण्णव, घाईला अठ्ठ्याहत्तर, शंकासुराला चौऱ्याहत्तर, मला एकसष्ट. प्रात्यक्षिकात मात्र मला चौघांत जास्त आहेत. लेखीत जरा कमी पडले ते एका अर्थी बरंच झालं, मुलांना वाईट वाटलं असतं.

जीव भांड्यात पडला तसं वाटलं, आता लपवायचं कशाला. चहा मागवला, तिघांना बसवलं आणि म्हटलं, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, मन घट्ट करा. यंदा परीक्षेला मीसुद्धा बसले होते. आणि मी पास झाले.

तिघं एकमेकांकडे बघतच राहिले. इतका धक्का! घाई म्हणाली, बापरे. शंकासुर म्हणाला, कधी? मग जरा थांबून म्हणाला, म्हणजे, काय? मौनीने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही पास होणार हे माहीत होतं." लगेच घाईने त्याला कोपर मारलं आणि तो म्हणाला, "असतं. माहीत असतं, जर बसल्याचं माहीत असतं तर."

मग घाई माझ्या गळ्यात पडली. बराच वेळ सोडेचना. हिला हे असं सावकाश काही करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ह्यांना घरी सांगितलं. मी एवढी फसवणूक केली, पण हे रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, मग आता स्वेटरचं काय? स्वेटर गळ्यापर्यंत आलाय, पण बाह्या तीन झाल्या आहेत.

१७ एप्रिल, गुरुवार

आमच्याकडच्या जागेसाठी मुलाखती झाल्या. मुलं माझी असल्यामुळे मी आत बसायला नकार दिला आणि दिवसभर कॉरिडॉरमध्ये उगाचच ये-जा केली. घाई सात मिनिटांत बाहेर आली, तिच्यासाठी हा फार मोठा काळ आहे. शंकासुर पाऊण तासाने आला. त्याच्या मागोमाग मोठे डॉक्टर घाम पुसत आले आणि मला म्हणाले, ह्याने आमच्या शिशाच्या डब्यांची नोंदवही मागितली हो.

मग मौनी आत गेला. आत शांतता. मी दाराला कान लावणं बरं दिसत नव्हतं म्हणून दाराजवळची नोटीस वाचत उभी राहिले. तीन वेळा वाचली. अग्निशमनाची होती.

जागा मौनीला मिळाली.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या वरिष्ठांचं गणित चुकलं तर तुम्ही काय कराल? वीस सेकंद गेले. मग मौनी म्हणाला, "मी म्हणेन की माझंच चुकतंय, मला समजावून सांगा. समजावता समजावता त्यांना ते आपोआप सापडेल." मोठे डॉक्टर म्हणाले, असं कधी केलंय का? तर म्हणाला, एकदाच. त्या वरिष्ठ फार चांगल्या आहेत.

आता ही कोण वरिष्ठ, देव जाणे. माझ्या हाताखाली तरी त्याने कोणाचं गणित कधी सुधारलेलं नाही. मला आठवतं त्याप्रमाणे उलट मीच त्याला एकदा अर्धा तास फळ्यावर...

हे वाक्य मी मघाशी इथेच सोडलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. फळा आठवला. मोठ्या अक्षरातल्या नोट्स आठवल्या. 'हे घ्या काकू' आठवलं. ह्यांचा तो दुसरा ब्रेक.

आत येऊन ह्यांना म्हटलं, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. हे म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही. आणि आम्ही दोघं बराच वेळ टीव्ही बघत बसलो. टीव्ही बंद होता हे नंतर लक्षात आलं.

मुलांना मी काही बोलणार नाही. एवढ्या कष्टाने लपवलंय बिचाऱ्यांनी.

२ मे, शुक्रवार

आज मौनी रुजू झाला. कोरा पांढरा कोट, पाठीवर घडीची रेघ तशीच. घाई दुसऱ्या गावी मोठ्या सेंटरमध्ये लागली. तिथलं औषध दोन तासांच्या आत निम्मं होतं, सगळ्यांनाच पळावं लागतं. म्हणते, पहिल्यांदाच मला कोणी हळू म्हणत नाही. शंकासुराचं अजून कुठे जमलेलं नाही. तीन मुलाखती झाल्या, तिन्हीकडे 'कळवतो' म्हणालेत, आणि हा रोज फोन करून त्यांना विचारतो, कधी? बोलावलंय त्याला उद्या इकडे, एकदा बसून बघू.

अकराच्या सुमाराला हाडांच्या स्कॅनला एक मास्तर आले होते, निवृत्त झालेले. टेबलावर आडवं व्हायलाच तयार नाहीत. बायको गेल्याच महिन्यात गेली, आणि तीही शेवटी अशाच एका मशीनवर होती म्हणे. घरचे बाहेर बसलेले, डॉक्टर राउंडला. मी हातमोजे काढले आणि निघाले, अशा पेशंटला नेहमी मीच बघते.

दारापर्यंत गेले तर आत मौनी होता. त्याने खुर्ची ओढली होती आणि मास्तरांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसला होता. मशीनचं अक्षरसुद्धा काढलं नाही. विचारलं, सर, तुम्ही कुठला विषय शिकवायचात? मास्तर म्हणाले, भूगोल. मग मौनी बोलायला लागला. नद्या, डोंगर, शाळेत त्याला नकाशा भरता यायचा नाही ते, आणि एकदा त्याने सगळा समुद्र हिरवा रंगवला होता ते. मास्तर हसले. म्हणाले, मी असतो तर कान धरला असता. मग हळूच आडवे झाले. मौनी तसाच बसून राहिला, स्कॅन पूर्ण होईपर्यंत बोलत. वीस-पंचवीस मिनिटं सहज.

माझे हात नुसते शिवशिवत होते. उशी जरा डावीकडे सरकवायला हवी होती. मी दाराबाहेर उभी राहिले आणि आत गेले नाही.

मास्तर गेल्यावर तो बाहेर आला. मी म्हटलं, छान केलंस. त्याने मान हलवली, आणि मग पाच वाजेपर्यंत एक शब्द बोलला नाही. साठा संपला असावा. मी सोमवारची यादी त्याच्यापुढे ठेवली आणि पहिल्या पेशंटसमोर, जिथे चोवीस वर्षं माझी सही असते, तिथे त्याला सही करायला सांगितलं.